सैल हाताचा झगा

“मेली रात्रीतून सुटली की काय,” जाऊबाई पुटपुटल्या.

त्यांच्या मांडीवर बाहुली पालथी पडली होती आणि झग्याचा घेर तिच्या कुल्ल्यांपाशी अडकून बसला होता. जाऊबाईंनी तो डावीकडून ओढला, उजवीकडून ओढला, मग बाहुलीचे पाय जुळवून तिला बाटलीसारखी उभी धरली आणि वरून खाली सारून पाहिला. घेर हलेना. सुरुवातीला तिच्या अंगाला मापं लावली तेव्हा ती जेवढी होती तेवढीच आज होती. प्लॅस्टिकच्या बाईचं वजन वाढत नाही, हा तिचा एकमेव गुण मला हेवा वाटण्याजोगा वाटतो.

“दोऱ्याची लडी नवीन आहे,” मी म्हणाले. “जरा कडक वाटते.”

“कडकच आहे,” त्या लगेच म्हणाल्या. “हल्ली दोऱ्यात पूर्वीसारखा जीव नसतो.”

लडी नवीन नव्हती, दोरा कडक नव्हता. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि बाहुलीला बोलता येत असतं तर तिनेही सांगितलं असतं. पण आमच्या घरात त्या दिवसांत सगळ्यांनीच तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मग बिचाऱ्या दोऱ्यावर आळ आला.

मी या घरातली धाकटी सून, त्या थोरल्या. जावा जावा, उभा दावा, असं लोक म्हणतात. आमचा दावा कधी उभाच राहिला नाही, कारण आमच्यामध्ये कायम एक टेबल होतं. जुन्या शिवणयंत्राचं टेबल, यंत्र कधीच मोडीत गेलेलं. मागच्या खोलीत खिडकीखाली ते असायचं आणि दुपारची आवराआवर झाली की आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसायचो.

हे सगळं सुरू झालं माझ्या दाढेमुळे. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना बाहुल्या जमवायचा नाद आहे. दवाखान्यात बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आहे आणि त्यात उंच, देखण्या, नटव्या बाहुल्या उभ्या असतात, घाबरलेल्या पोरांचं लक्ष तिकडे राहावं म्हणून. मी तोंड वासून खुर्चीत पडले होते, म्हणजे बोलण्यापुरती मेलेलीच होते. सोबत आलेल्या जाऊबाई दारातून म्हणाल्या, “डॉक्टर, त्या कोपऱ्यातलीला कुणी कपडे देत नाही का? रुमालात उभी आहे बिचारी.”

डॉक्टरीणबाईंनी हातातलं यंत्र थांबवलं. त्यांच्याकडे आईच्या वेळच्या, क्रोशाच्या नमुन्यांच्या पुस्तिका होत्या. कडा खाल्लेल्या, पिवळ्या पडलेल्या, परक्या भाषेतल्या. चित्रांत बारीक कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाहुल्या आणि त्यांचे झगे, कोट, टोप्या. “हे वाचणारं कुणी भेटत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि वाचलं तरी विणणारं भेटत नाही.”

त्यांना एका दाढेत दोघी भेटल्या.

वाचायचं काम माझ्याकडे आलं. ती भाषा मला कुणी शिकवली नाही. त्या नमुन्यांत शब्द पुरते लिहितही नाहीत, दोन-दोन अक्षरं टाकून मोकळे होतात. एक अक्षर धरायचं, त्याचा अर्थ साखळी असेल असं मानून विणायचं, चित्राशी ताडून पाहायचं, आणि बाहीच्या जागी शेपूट निघाली की उसवायचं. अशी चुकत चुकत मी ती वाचायला शिकले. विणायचं काम जाऊबाईंचं. त्या लहानपणापासून क्रोशा करतात, पण कागदाकडे बघायचं नाव नाही. “त्या किडामुंग्या तू वाच, धाकटे,” म्हणतात, “मला नुसतं बोलून सांग.” मग मी बोलायची. “सहा साखळ्या. गोल करा. आत मुके खांब. आता प्रत्येक तिसऱ्यात दोन.” आणि त्यांची सुई माझ्या आवाजामागून चालायची. चुकलं की मी नुसती मान हलवायची. त्या उसवायच्या. मी सुईला हात लावत नाही, कारण माझा हात आवळ आहे. मी विणलेली टोपी टेबलावर आपटली तर आवाज येतो.

जुना नमुना जसाच्या तसा कधीच चालत नाही, हे आम्हाला पहिल्याच झग्याने शिकवलं. तेव्हाच्या बाहुल्या वेगळ्या होत्या, तेव्हाचे दोरे वेगळे. बाहुलीचं डोकं तिच्या गळ्यापेक्षा केवढंतरी मोठं, म्हणून पाठ उघडी ठेवून टिचबटणं लावावी लागतात. तिचा अंगठा बाहीत अडकतो, म्हणून हाताला पातळ प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून मग बाही चढवायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विणणारीचा हात. तोच दोरा, तीच सुई, तेच टाके देऊन दोन बायकांना बसवा, एकीचा झगा बाहुलीला येईल आणि दुसरीचा तिच्या मुलीला. जाऊबाईंचा हात सैल. त्यांचा टाका श्वास घेतल्यासारखा उतरतो. माझे सगळे हिशेब, इथे दोन टाके कमी करा, तिथे एक ओळ गाळा, त्या सैल हातावर बेतलेले असतात.

म्हणून कुठलंही विणकाम सुरू करण्यापूर्वी आधी एक छोटा चौकोन विणायचा असतो. तो मोजला की हात कळतो. सुरुवातीला मी दर वेळी चौकोन मागायची. पुढे मागणं सोडून दिलं. इतक्या वर्षांनी चौकोन मागायचा म्हणजे सकाळी नवऱ्याला त्याचं नाव विचारल्यासारखं.

या वेळचा झगा डॉक्टरीणबाईंच्या मनात फार दिवस होता. पुस्तिकेत शेवटच्या पानावरचा, घेरदार, खाली लाटांसारखी किनार असलेला. एरवी तो कपाटातल्या जुन्या काडीसारख्या बाहुलीला झाला असता. पण एका लहान मुलीने त्यांना विचारलं होतं की या सगळ्या आजारी आहेत का. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक नवीन बाहुली आणली, भरल्या अंगाची, पोटऱ्या असलेली, सपाट पावलांची. “हिलाही तोच झगा हवा,” त्या म्हणाल्या. “आणि पोतं नको. तोच.”

मला हे काम फार आवडलं. सगळीकडून सारखे टाके वाढवले तर घंटा होते. दोन्ही कुशींना वाढवायचे, पुढे मागे तसेच ठेवायचे, मग झगा अंगासोबत वळतो. मी हिशेब केला, वरची चोळी आणि कमरपट्टी झाली, दोन्ही अगदी मापात बसल्या. मग घेर सुरू झाला आणि बाहुली रात्रीतून सुटली.

खरं तर ती कोणत्या दिवशी सुटली हे मला ठाऊक होतं.

आमच्या ह्यांचं ऑफिस दुसऱ्या गावी हलवलं होतं. सोमवारी जायचे, शनिवारी यायचे, येताना आठवड्याचे मळके कपडे आणायचे. मग त्यांना क्वार्टर मिळालं. एकदा जेवताना ते म्हणाले, “दोन खोल्या आहेत. शिवाय स्वयंपाकघर.” सगळ्यांचे हात थांबले. जाऊबाई म्हणाल्या, “अजून वाढू का?” आणि हात पुन्हा चालू झाले. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मोठे दीर एकदा वर्तमानपत्राच्या आडून “नोकरीपुढे नाइलाज असतो” एवढं म्हणाले, पण ते वर्तमानपत्राला म्हणाले. ह्यांनी महिनाअखेरीला टेम्पो सांगून ठेवला होता. हे मला माहीत होतं. माझ्या खाटेखाली खोकी आली होती, ती जाऊबाईंनी केर काढताना पाहिली होती. त्यांनी खोक्यांच्या भोवतीने केर काढला.

सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी एक गोष्ट तयार केली होती: नवरा तिकडे एकटा, खायचे हाल, धाकटीचा नाइलाज. छान गोष्ट होती. तिच्यात कुणाचीच चूक नव्हती. मीही शेजारणीला ती सांगून पाहिली, चांगली जमली.

पण मी ते क्वार्टर पाहून आले होते. घरी सांगितलं, दोरा आणायला जाते. स्टँडवर गेले, बस पकडली आणि तिकडे उतरले. ह्यांनी कुलूप उघडून दिलं आणि ते कामाला गेले. स्वयंपाकघर एवढंसं, पण ओट्यासमोर खिडकी. भिंतीवर आधीच्या माणसांनी मारून ठेवलेला एक खिळा. मी त्या खिळ्याला माझी पिशवी अडकवली आणि उभी राहिले. कुणाचा चहा व्हायचा होता, कुणाला मीठ कमी लागतं, पातेलं कुणी कुठे ठेवलं, काही म्हणजे काही आठवायचं नव्हतं. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी ठेवलेला डबा मी ठेवला तिथेच सापडेल अशी खोली मला कधी मिळाली नव्हती. जाऊबाई वाईट म्हणून नव्हे. स्वयंपाकघर त्यांचं आहे म्हणून. मी तिथे उभी राहून टेबल कुठे बसेल तेही बघून घेतलं. मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोण बसणार हे आठवलं आणि पिशवी काढून घेतली.

संध्याकाळी घरी आले. जाऊबाईंनी दार उघडलं.

“मिळाला दोरा?”

“नव्हता त्या रंगाचा.”

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. दोऱ्याच्या दुकानापर्यंत सगळा डांबरी रस्ता आहे आणि माझ्या चपलांवर लाल माती होती. “हात-पाय धू, चहा टाकते,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा टाका आवळला.

पहिला घेर लहान झाला, तो उसवला. दुसराही. मी चौकोन मागितला असता तर अर्ध्या तासात सगळं कळलं असतं. पण चौकोन मागायचा म्हणजे “तुमच्या हाताला काय झालं?” असं विचारणं, आणि काय झालं ते मला माहीत असताना विचारायचं कसं? मोठ्या दिरांनी बाहुलीची झटापट बघून विचारलं, “दोरा धुतल्यावर आटला का?” “आटला असेल,” आम्ही दोघी एका सुरात म्हणालो. दोरा पाण्यात गेलाच नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एक मुलगी ती बाहुली हातात धरल्याशिवाय तोंड उघडत नाही, दाढ किडलीय, तर बाहुली तेवढी परत द्या. आम्ही बाहुली पोचवली. आता घेर नुसत्या मापांवर विणायचा होता. माझ्या डोक्यात एक शहाणपण आलं.

जाऊबाईंच्या सुईला मुठीपाशी कापडाची पट्टी गुंडाळलेली असते, बोटाला रुतू नये म्हणून. नव्या घेराच्या काही ओळी झाल्यावर, त्या आंघोळीला गेलेल्या असताना, मी ती पट्टी सोडवली आणि एक नंबर जाड सुईला गुंडाळली. टाका आवळला तर आवळू दे, सुई त्याला सैल करेल. कुणाला दुखावणं नाही, काही विचारणं नाही. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

त्या बसल्या, सुई उचलली, एक टाका घातला, बोटं क्षणभर थांबली. मग म्हणाल्या, “हं, सांग पुढे.”

मी सांगत गेले, त्या विणत गेल्या. घेर मांडीवर चुण्यांचा ढीग होऊन पडायचा, मोजायचा तर पसरावा लागला असता, आणि मोजपट्टी हातात घ्यायची म्हणजे पुन्हा तेच, संशय. मी मोजपट्टी घेतली नाही. लाटांची किनार झाली. इस्त्री झाली. झगा पिशवीत गेला.

दवाखान्यात दुपारी गर्दी नसते. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले, बाहुली टेबलावर उभी केली. मी हातांना प्लॅस्टिक गुंडाळलं, जाऊबाईंनी बाह्या चढवल्या, पाठीची टिचबटणं टकटक लागली. चोळी अंगाला धरून बसली. कमर चपखल. आणि कमरेखाली झगा जो पसरला तो पसरतच गेला. टेबलावर गोल लोळला, काठावरून खाली ओघळला, औषधाच्या बाटलीला वेढा घालून थांबला. बाहुली मध्ये उभी होती, एखादी बाई तंबूच्या टोकातून डोकं काढते तशी.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला.

“सुंदर आहे हो काम,” त्या म्हणाल्या. मग हसूच फुटलं त्यांना. “पण या झग्यात दोन बिऱ्हाडं राहतील.”

कुणी हसलं नाही. त्यांना वाटलं, कामाला नाव ठेवलं म्हणून आम्ही गप्प झालो. “मी आपलं गमतीने म्हटलं,” त्या म्हणाल्या. “घाई नाही मला काही.” आतल्या खोलीत फोन वाजला आणि त्या सुटल्यासारख्या गेल्या.

जाऊबाईंनी टिचबटणं उघडली, झगा उतरवला, तो घेऊन बाहेरच्या खोलीतल्या बाकावर जाऊन बसल्या. मी शेजारी बसले. समोर काचेच्या कपाटात सगळ्या जणी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होत्या. जाऊबाईंनी किनारीचं टोक शोधलं, गाठ सोडवली आणि ओढलं. इतक्या दिवसांच्या लाटा एकेक करून सरळ होत आल्या. मी सवयीने हात पुढे केले, दोरा बोटांवर घेतला आणि गुंडाळायला लागले.

“सुई बदललीस,” त्या म्हणाल्या.

“कधी कळलं?”

“पहिल्या टाक्याला. आपली सुई बोटाला कळत नाही होय?”

“मग बोलला नाहीत?”

“तू बोललीस?”

मी दोरा गुंडाळत राहिले. एका नंबरने झगा एवढा वाढत नाही, हे मात्र माझ्या हिशेबी डोक्याला बोचत होतं. उसवताना कुशींपाशी मी पाहिलं. मी सांगितले होते त्याहून जास्त टाके होते. ओळीगणिक.

“वहिनी, हे टाके?”

“घातले मी.” त्या ओढत होत्या, नजर दोऱ्यावर. “तू सांगायचीस दोन, मी घालायची तीन. तुझा हिशेब चुकत नाही, हे मला माहीताय. माझा हात आवळतोय, तेही मला दिसत होतं. म्हटलं, टाके वाढवून टाकावेत गुपचूप, म्हणजे हिला कळायला नको.”

“पण मग सुई बदलल्यावर थांबवायचंत ना.”

“थांबवलं असतं. पण का थांबवलं ते सांगावं लागलं असतं.” त्यांनी एक आडून बसलेला टाका नखाने मोकळा केला. “इतक्या वर्षांत तू सांगितलंस आणि मी वेगळं विणलं, असं कधी झालं नव्हतं. लाज वाटली मला. रोज वाटायची, रोज घालायची.”

आतून डॉक्टरीणबाईंचा फोनवरचा आवाज येत होता, कुणालातरी दुखणाऱ्या बाजूने चावू नका म्हणून सांगत होत्या. माझ्या हातात दोऱ्याचा गुंडा चांगला मोठा झाला. झगा कमरपट्टीपर्यंत आला तेव्हा जाऊबाई थांबल्या. पिशवीत हात घालून त्यांनी सुई काढली. जुनी, बारीक. पट्टी पुन्हा तिच्यावर गुंडाळलेली होती. कधी गुंडाळली होती कोण जाणे. माझ्या हातातल्या गुंड्यातून त्यांनी दोरा ओढून घेतला आणि साखळ्या घालायला लागल्या.

“काय करताय?”

“चौकोन.”

“मी मागितला नाही.”

“म्हणून तर करतेय.”

सरळ ओळ, परत ओळ. मी काही सांगत नव्हते, चौकोनाला काही सांगावं लागत नाही. मी बोटांकडे बघत बसले. टाका अजून आवळच पडत होता, पण दोन ओळींनंतर एखादा सैल उतरायचा, पुन्हा आवळायचा. माझ्या घशात आमची ती सगळ्यांनी मिळून केलेली गोष्ट तयारच होती.

“वहिनी,” मी सुरुवात केली, “ह्यांचे तिकडे खायचे फार हाल होतात. म्हणजे क्वार्टर मिळालंय, तर नाइलाजाने...”

“माझा दीर खायचे हाल करून घेणाऱ्यातला नाही,” त्या म्हणाल्या. “वजन वाढलंय त्याचं. बाहुलीचं नाही वाढलं, त्याचं वाढलंय.”

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच कुठेतरी अडकलं.

“फोनवर सांगीन मी तुम्हाला,” मी म्हणाले. “रोज दुपारी. एकेक ओळ.”

“सांगशील. पण चुकलं तर फोनमध्ये मान कोण हलवणार?”

त्यांनी शेवटची ओळ पुरी केली, दोरा दाताने तोडला, मग आपण कुठे बसलोय हे आठवून आतल्या दाराकडे चोरटं पाहिलं. चौकोन माझ्या मांडीवर ठेवला आणि तळव्याने सपाट केला. तळवा तिथून उचलला नाही.

“लाल माती होती तुझ्या चपलांवर त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “आणि तोंड असं होतं, जत्रेतून आलेल्या पोरीसारखं. मी दार उघडल्यावर तू ते झटकन बदललंस. ते बदललंस ना, तेच लागलं मला. बाकी काही नाही.”

मी पाय बाकाखाली ओढून घेतले.

“तुझा नाइलाज वगैरे काही नाही, धाकटे. तुला जायचंय.” त्यांनी हात उचलला. “आणि मला तू जायला नको आहेस. आता चौकोन मोज.”